‘ग्लूटेन-फ्री’ अशी घोषणा छापलेला टी-शर्ट मुलीला भेट मिळाला आहे. कंपनीला लिहावे का?

फोंड्याची_आई

नमस्कार. माझी मुलगी १७ वर्षांची असून तिला सिलिअ‍ॅक हा आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लूटेन पोटात गेले की तिच्या आतड्याला इजा होते. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून पणजीतल्या एका मोठ्या साखळी दुकानातून तिच्यासाठी टी-शर्ट आणला. पांढऱ्या कापडावर, छातीपाशी, ठळक इंग्रजी अक्षरांत ‘ग्लूटेन-फ्री, नॉट ड्रामा-फ्री’ असे छापलेले आहे. म्हणजे ही मुलगी ग्लूटेन खात नाही, नाटके मात्र भरपूर करते. मैत्रिणींनी तो अगदी मनापासून आणला, कारण आपल्या मैत्रिणीच्या पथ्याचा शब्द एवढ्या मोठ्या दुकानात टांगलेला पाहून त्यांना आनंद झाला होता. त्यांच्याविषयी माझी कसलीच तक्रार नाही. माझा प्रश्न तो छापून विकणाऱ्या कंपनीविषयी आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. आठव्या वर्षापासून मुलीची उंची वाढणे जवळजवळ थांबले होते, पोट सतत फुगलेले असे, आणि लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन वर येत नव्हते. तीन वर्षे आम्ही एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरलो. ‘आपण शीत-कडी खाणारी माणसे, गव्हाचा आजार आपल्याकडे कुठला’ असे एका ठिकाणी आम्हाला ऐकवण्यात आले आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते, कारण आमच्या घरी दोन्ही वेळा भातच होत असे. सकाळी पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला की घेतले जाणारे उंडे (गोव्याचे पाव), शाळेच्या डब्यातली चपाती, संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे, चतुर्थीच्या नेवऱ्या हे सगळे गहूच आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही. ती अकरा वर्षांची असताना या आजाराची खूण शोधणारी रक्ताची टीटीजी चाचणी झाली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा नमुना घेतला गेला आणि निदान पक्के झाले. पथ्य सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तिचे सगळे फ्रॉक आखूड झाले, आणि ते कपाटातून काढताना मी किती रडले होते ते मलाच ठाऊक.

आता मूळ गोष्ट. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही घरची सातआठ माणसे जेवायला बाहेर गेलो होतो आणि तिने तो टी-शर्ट घातला होता. तिने नेहमीप्रमाणे वेटरला सगळे समजावून सांगितले: मासळीला रवा लावू नका, तांदळाचे पीठ चालेल, तवा आणि तेल वेगळे हवे, सोया सॉस नको. एरवी हे ऐकल्यावर बहुतेक ठिकाणी वेटर आचाऱ्याला विचारून येतो किंवा निदान ‘आमच्याकडे जमणार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. या वेळी मात्र त्याने तिच्या चेहऱ्याकडे न पाहता टी-शर्टवरची अक्षरे वाचली, हसला आणि ‘हो हो, कळले’ म्हणून निघून गेला. समोर आलेल्या इसवण मासळीच्या तुकडीला रवा नव्हता, परंतु ती रव्याच्या तुकड्या तळलेल्या तव्यावरच भाजलेली असणार. त्या रात्री मुलीला उलट्या सुरू झाल्या आणि पुढचे तीन दिवस ती पेजेवर होती.

हे टी-शर्टमुळेच झाले असे मी म्हणत नाही. परंतु आजाराविषयी गांभीर्याने सांगणाऱ्या मुलीच्या अंगावरच ‘ही नाटके करते’ असे लिहिलेले असेल, तर ऐकणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कंपनीला लिहिले तर उपयोग होईल का? की हे एवढे मनाला लावून घेण्यासारखे नाही? मुलीचे म्हणणे असे की टी-शर्ट तिचा आहे, मैत्रिणींनी दिलेला आहे आणि तो घालायचा की नाही हे ती ठरवील. तिचेही मला चुकीचे वाटत नाही.

आहार_मडगाव

ताई, मी मडगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे सिलिअ‍ॅकचे मोजकेच, पण नियमित येणारे रुग्ण आहेत. तुम्ही हे मनाला लावून घेतलेत ते योग्यच केलेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण भावनेपेक्षा मिलिग्रॅममध्ये सांगता येते.

सिलिअ‍ॅकमध्ये गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. मुलीची उंची न वाढणे आणि रक्त कमी असणे हे त्या झिजेचेच परिणाम होते. यावर औषध नाही. आयुष्यभराचे पथ्य हाच उपचार आहे. आता प्रमाण पाहा. दररोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले तरी आतड्याला इजा होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. पावाच्या एका लहान कापात याच्या कितीतरी पट ग्लूटेन असते, त्यामुळे ५० मिलिग्रॅम म्हणजे ताटाच्या कडेला पडलेला चुरा समजा. ज्या तव्यावर दिवसभर रव्यात घोळलेली मासळी तळली जाते, त्या तव्याचे तेल म्हणूनच मुलीला बाधते. हिंगाचेही तसेच आहे. बाजारातला डबीतला हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळून तयार केलेला असतो, आणि वरणाच्या फोडणीत पडलेली ती चिमूट कोणालाच दिसत नाही. घरचा हिंग तुम्ही बदलला असेलच, तरीही लिहून ठेवते, कारण माझ्या एका रुग्णाचे सहा महिने त्या एका डबीने वाया घालवले.

‘आपल्याकडे हा आजार नसतो’ हे तुम्हाला ज्यांनी सांगितले, त्यांच्या सांगण्यात थोडे तथ्य होते आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात सिलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. भात खाणाऱ्या प्रदेशात रुग्ण कमी सापडतात हे खरे आहे. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि पोर्तुगीज काळापासून घरोघरी पाव पोहोचवणाऱ्या गोव्याला केवळ भात खाणारा प्रदेश म्हणणेही बरोबर नाही. जिथे रुग्ण विरळ असतात, तिथे त्या आजाराविषयीची लोकांची समज डॉक्टरांकडून येत नाही. ती जाहिरातींतून, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आणि अशा टी-शर्टांतून येते. उत्तरेकडच्या एखाद्या मोठ्या गावात नात्यातला कोणीतरी सिलिअ‍ॅकचा असण्याची शक्यता तरी असते. आपल्याकडच्या वेटरने आयुष्यात कदाचित एकही रुग्ण पाहिलेला नसतो, पण तो शब्द मात्र त्याने नखऱ्याच्या संदर्भात दहा वेळा ऐकलेला असतो.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध जगाला कळला तो कसा, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० साली सादर केला. ‘ग्लूटेन वर्ज्य करा’ या सल्ल्याची मुळे तिथे आहेत.

आणखी एक मुद्दा. अन्नाच्या पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचे असेल तर त्या पदार्थाच्या एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. म्हणजे पाकिटावरचा हा शब्द मोजून दिलेला शब्द असतो आणि तुमची मुलगी त्याच्या भरवशावर घास तोंडात घालते. तोच शब्द कपड्यावर नखऱ्याच्या अर्थाने छापला की हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याचे वजन कमी होते. कंपनीला लिहिताना हेच लिहावे असे मला वाटते. आम्हाला वाईट वाटले, एवढेच लिहिले तर ते दिलगिरीचे दोन ओळींचे ठरीव उत्तर पाठवतील.

सत्तरीकर

मी स्वतः सिलिअ‍ॅकचा रुग्ण आहे, वय ४४, राहणार वाळपईजवळ. निदान तिशी उलटल्यावर झाले. वरच्या प्रतिसादातली वैद्यकीय माहिती अचूक आहे, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

निदान झाले तेव्हा ‘ग्लूटेन-फ्री’ असा शिक्का असलेले एक पाकीट मिळवण्यासाठी मला कोणीतरी मुंबईहून येण्याची वाट पाहावी लागत असे. आज पणजीच्या किंवा म्हापशाच्या दुकानात ज्वारीचे, नाचणीचे, तांदळाचे तसे पीठ फळीवर असते, आणि किनारपट्टीवरच्या कित्येक कॅफेंच्या मेनूत त्या पदार्थांपुढे खूण केलेली असते. हे आम्हा रुग्णांसाठी झालेले नाही. दुकानदाराने फळी भरावी एवढी आमची संख्याच नाही. वजन उतरवण्यासाठी किंवा पोट हलके वाटते म्हणून गहू सोडणाऱ्या लोकांनी, त्यातही पर्यटकांनी, ती मागणी निर्माण केली आणि तिच्यामागून आमचे जेवण आले. त्यामुळे ज्या लाटेने मला भाकरीचे पीठ आणून दिले, तिच्यावर रागावणे माझ्याकडून होत नाही. त्या लाटेबरोबर असे टी-शर्टही येणार, हे मी धरून चाललो आहे.

परंतु ‘ड्रामा’ हा शब्द मला सलतो, हेही लिहिले पाहिजे. तो शब्द मला कोणत्याही दुकानाच्या आधी आमच्याच माणसांकडून ऐकायला मिळाला. देवळात प्रसादाचा शिरा हातावर घेऊन मी तो खाल्ला नाही, कपाळाला लावून भावाच्या हातात दिला, तेव्हा ‘देवाच्या प्रसादाने कधी कोणाला काही होते का’ असे चारचौघांत विचारले गेले. लग्नघरी पंगतीत माझ्या पानात भात, खतखते आणि मणगणे एवढेच असते, आणि ते मला पुरतेही, पण ‘एक पुरी खाल्ल्याने काय मरणार आहेस’ हे वाक्य मी दर लग्नात ऐकतो. माणसे वाईट नसतात. मी पुरी खाल्ली तर त्यांच्यासमोर काहीच घडणार नसते. जे घडायचे ते रात्री माझ्या घरात आणि वर्षानुवर्षे माझ्या आतड्यात घडते, आणि ते पाहायला कोणी येत नाही. न दिसणाऱ्या आजाराच्या माणसाला रोज साक्ष द्यावी लागते, आणि छातीवरचे ते वाक्य त्याच्या साक्षीविरुद्धच साक्ष देते. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा आहे.

तेव्हा कंपनीला लिहायचे असेल तर अवश्य लिहा, पण ‘ग्लूटेन-फ्री हा शब्द कपड्यावर छापूच नका’ असे लिहू नका. ‘त्याला नाटकाशी जोडू नका’ असे लिहा. आणि मुलीचे ऐका. सतरा वर्षांच्या वयात आजाराचे नाव मोठ्या अक्षरांत अंगावर मिरवावेसे वाटणे, ही माझ्या मते आनंदाची गोष्ट आहे. मी त्या वयात असतो तर लपवले असते.

म्हापसा_छपाई

माझा म्हापशात टी-शर्ट छपाईचा व्यवसाय आहे आणि किनाऱ्यावरच्या दुकानांना मी गेली अठरा वर्षे माल पुरवतो. मोठ्या कंपन्यांचा पसारा माझ्यापेक्षा हजारो पटींनी मोठा आहे, पण शब्द कापडावर कसा येतो हे मी रोज पाहत असल्यामुळे त्या बाजूने काही सांगू शकेन.

साधा, विनाछपाईचा माल आमच्याकडे तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो. १८० जीएसएमचे (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचे) सुती टी-शर्ट, आकारवार गठ्ठ्यांत. त्यानंतर त्यावर जे येते त्याला छपाईचा खर्च सोडल्यास जवळजवळ काहीच लागत नाही: एक वाक्य, एक स्क्रीन (छपाईची जाळीची चौकट), एक शाई, आणि शाई पक्की होण्यासाठी थोडा वेळ भट्टीची उष्णता. नवी शिलाई बसवायची तर पॅटर्न, नमुना, मापे असे सगळे पुन्हा करावे लागते. नवे वाक्य बसवायला एक दुपार पुरते. म्हणून झटपट फॅशनच्या धंद्यात घोषणांचे कपडे इतके असतात. स्पेनमधल्या झारासारख्या कंपन्यांनी तर चित्र काढल्यापासून दोनतीन आठवड्यांत कपडा दुकानात टांगण्याची पद्धत बसवली आहे. त्या दोनतीन आठवड्यांत कापडाचा रंग टिकतो का, धुतल्यावर आटतो का, हे तपासले जाते. त्या वाक्याने कोणाला इजा होईल का, हे तपासण्याचा टप्पाच सहसा नसतो, आणि असला तरी एखाद्या देवाधर्माचा, झेंड्याचा अपमान होत नाही ना, एवढ्यापुरताच असतो. पथ्य, आजार, पोट यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण त्यांचा मोर्चा निघत नाही.

तरीही लिहून उपयोग होतो, आणि याच विषयात झालेला आहे. २०१५ साली झारानेच ‘आर यू ग्लूटेन फ्री?’ असे छापलेला टी-शर्ट बाजारात आणला होता. सिलिअ‍ॅक रुग्णांच्या बाजूने ऑनलाइन याचिका निघाली, तिच्यावर हजारो सह्या झाल्या, आणि कंपनीने तो विक्रीतून काढून घेतला. ताई, त्या वाक्यात शिवी नव्हती, नाटकाचा उल्लेख नव्हता, साधा प्रश्न होता. लोकांचा आक्षेप एवढाच होता की ज्या पथ्यावर आमच्या मुलांचा जीव अवलंबून आहे, ते तुम्ही या हंगामाचा दागिना करून टाकलेत. तुमच्याजवळचे वाक्य त्याच्या कितीतरी पुढे गेलेले आहे. त्याच्याही आधी, २०१० मध्ये, अर्बन आउटफिटर्स या अमेरिकी साखळीला ‘ईट लेस’ असे लिहिलेला टी-शर्ट टीकेमुळे आपल्या संकेतस्थळावरून काढावा लागला होता. ज्यांना न जेवण्याचाच आजार आहे अशा मुलींचा विचार तो छापताना कोणी केला नव्हता.

आता माझ्याविषयी लिहितो, कारण दुसऱ्यांना नावे ठेवून मला थांबता येणार नाही. कळंगुटच्या दुकानांसाठी मी वर्षानुवर्षे ‘सुशेगाद’ असे छापलेले टी-शर्ट दिले. आरामखुर्ची, माड आणि खाली तो शब्द. पोर्तुगीज भाषेतला निवांतपणाचा तो शब्द आपल्याकडे समाधानाच्या अर्थाने रुळला, आणि पर्यटकांच्या अंगावर जाता जाता त्याचा अर्थ ‘गोव्याचा माणूस आळशी’ असा झाला. एकदा दुकानात माल उतरवत असताना एक वयस्कर रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणारा मच्छीमार, तिथे काही घ्यायला आला होता. त्याने टी-शर्ट उलगडून पाहिला आणि मला म्हणाला, ‘आमी फांतोडेर रापण ओडटात, आनी तुमी आमकां सुशेगाद म्हणटात?’ पहाटेच्या अंधारात जाळे ओढून त्याच्या तळव्यांना पडलेले घट्टे मला समोर दिसत होते. मी तो माल परत नेला नाही, त्या दिवशी तो विकला गेला, हे कबूल करतो. पुढच्या हंगामासाठी मात्र ती स्क्रीन मी पुन्हा भरली नाही.

हे सांगण्याचे कारण असे की मला कोणी पत्र पाठवले असते तर मी कदाचित बाजूला ठेवले असते, पण त्या माणसाचे वाक्य मला बाजूला ठेवता आले नाही. म्हणून कंपनीला लिहिताना आजाराची माहिती लिहाच, परंतु त्या रात्री काय झाले तेही जसेच्या तसे लिहा: मुलीने काय सांगितले, वेटरने काय वाचले, आणि ती किती दिवस पेजेवर होती. पत्रात माल परत घ्या किंवा पैसे द्या असे काही मागू नका, नाहीतर ते परताव्याच्या विभागात जाते आणि तिथेच संपते. ‘ही रचना विक्रीतून काढावी आणि आरोग्याशी संबंधित घोषणा छापण्यापूर्वी त्या आजाराच्या रुग्णांना दाखवाव्यात’ अशा दोनच मागण्या करा.

दिवाडीची_वाचक

एक लहानशी गोष्ट सांगते, विषयाला धरूनच. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील मुलाला हाच आजार आहे. त्याच्या पहिल्या कोमुन्यांवच्या (चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीच्या) वेळी मोठा पेच पडला होता, कारण प्रसादाची ओस्ती, म्हणजे पातळ चकतीसारखी भाकर, गव्हाचीच असावी लागते. पूर्णपणे ग्लूटेनविरहित ओस्ती चालत नाही, परंतु अत्यल्प ग्लूटेन असलेली चालते, असे व्हॅटिकनने २०१७ च्या पत्रात पुन्हा स्पष्ट केलेले आहे. तशी ओस्ती मागवली गेली आणि पाद्रींनी ती वेगळ्या भांड्यात ठेवली, इतर ओस्तींचा चुराही लागू नये म्हणून. शेकडो वर्षांचा नियम असलेल्या ठिकाणी एका मुलासाठी एवढा विचार होतो. तरीही नंतर अंगणात दोन बायका बोलत होत्या, ‘आजकाल हे ग्लूटेनचे फॅड फार वाढले आहे.’ मुलाच्या आजीने ते ऐकले. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवणाला थांबलीही नाही.

सत्तरीकर म्हणतात त्याप्रमाणे लाटेने पीठ आणले असेल, परंतु त्या आजीला जे ऐकावे लागले तेही त्याच लाटेने आणले. ताईंनी लिहावे असे मला वाटते.

सत्तरीकर

दिवाडीच्या ताई, तुमचे म्हणणे मान्य आहे. पीठ मिळाले म्हणून ते वाक्य ऐकून घ्यावे, असे मला म्हणायचे नव्हते. माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघत असेल तर तो मी मागे घेतो. फोंड्याच्या ताईंना एक सुचवतो: बाहेर जेवायला जाताना मुलीजवळ एक छापील कार्ड ठेवा, त्यावर मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत ‘मला सिलिअ‍ॅक आजार आहे, गहू, रवा, मैदा, बार्ली यांचा कणही चालत नाही, तवा, तेल आणि चमचा वेगळा हवा’ एवढे लिहा. हिंदी यासाठी की किनाऱ्यावरच्या बहुतेक स्वयंपाकघरांत आचारी बाहेरच्या राज्यांतून आलेले असतात. ते कार्ड वेटरने वाचण्यापेक्षा आत आचाऱ्याच्या हातात पोहोचणे महत्त्वाचे. मी सात वर्षे हे वापरतो आहे, आणि कार्ड आत गेल्यावर दोन वेळा स्वतः आचारी बाहेर येऊन ‘आमच्याकडे धोका आहे, खाऊ नका’ असे सांगून गेला. त्या दोन्ही आचाऱ्यांचे मी उपकार मानतो.

फोंड्याची_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला शेजारी बसवून हे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. डिके यांची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. रापणकाराचे वाक्य ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की पत्र ती स्वतः लिहील, मी लिहायचे नाही. मी लिहिले तर ते आईची तक्रार होईल आणि तिने लिहिले तर त्या टी-शर्टवर जिच्याविषयी लिहिले आहे तिचे उत्तर होईल.

तिने आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. ज्या मैत्रिणींनी टी-शर्ट दिला, त्यांना तिने आज सकाळी घरी बोलावले आणि सगळे सांगितले. मला धास्ती होती की मुलींना वाईट वाटेल. वाटलेही, एकीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण दुकानात तो तिनेच निवडला होता. पण त्या चौघींनी पत्राखाली आपलीही नावे घालायचे ठरवले आहे, आणि टी-शर्ट निवडणाऱ्या मैत्रिणीने एक ओळ लिहून दिली: ‘आम्हाला वाटले होते की या टी-शर्टमुळे आमच्या मैत्रिणीला कोणीतरी समजून घेतले आहे.’ ती ओळ पत्राच्या सुरुवातीलाच घेतली आहे. टी-शर्ट ती घरात घालते आणि जेवायला बाहेर जाताना घालणार नाही, असे तिने स्वतःच ठरवले. चार भाषांतले कार्डही तयार होते आहे. कोंकणी मजकूर माझ्या सासूबाईंनी सांगितला आणि त्यात ‘रव्याचो कणूय नाका’ असे त्यांनी मुद्दाम घालायला लावले.

मडगावच्या ताईंना एक विचारायचे आहे. तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम, हा आकडा पत्रात जसाच्या तसा द्यावा का? आणि म्हापशाच्या दादांना: टी-शर्टच्या लेबलवर तीनचार वेगवेगळे क्रमांक आहेत, त्यांतला कोणता लिहायचा? डबीतला हिंग, ताई, सहा वर्षांपूर्वीच बंद झाला. आता खडा हिंग आणून घरी कुटते.

आहार_मडगाव

आकडा अवश्य द्या, पण त्याच्यापुढे पावाच्या चुऱ्याची तुलना लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तो हाताच्या तळव्यावर दिसेल. २० मिलिग्रॅमचा नियमही त्याच परिच्छेदात येऊ द्या. आणि त्या तीन दिवसांनंतर मुलीला अजून थकवा वाटत असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. तिच्या डॉक्टरांना आताच कळवा आणि टीटीजीची चाचणी पुन्हा केव्हा करायची ते त्यांना विचारा.

म्हापसा_छपाई

किमतीच्या कागदी पट्टीवर बारकोडच्या आसपास रचनेचा क्रमांक असतो. रंग आणि आकार यांचे आकडे त्याला जोडलेले असतात. कोणता कशाचा हे ठरवत बसू नका, पट्टीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि टी-शर्टच्या आतल्या शिवणीत शिवलेल्या पांढऱ्या लेबलचा फोटो, असे तिन्ही पत्राला जोडा, म्हणजे ‘हा माल आमचा नाही’ असे उत्तर येणार नाही. ग्राहकसेवेचा ईमेल पट्टीवरच छापलेला असेल, तिथे पाठवा आणि एक छापील प्रत पणजीच्या दुकानाच्या व्यवस्थापकाच्या हातात द्या. प्रत देताना मुलींना बरोबर न्या. पट्टी मैत्रिणींनी किंमत दिसू नये म्हणून कापून टाकली असेल तर बिल त्यांच्याकडे असेल. त्यावरही तो क्रमांक मिळतो.